पन्नास टर्नचा रिव्ह्यू, पाचशे टर्नचा गेम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली सगळी शिते एकाच आचेवर शिजलेली असतात. टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेमचे, म्हणजे पाळीपाळीने चाली करत खेळायच्या डावपेचांच्या कॉम्प्युटर गेमचे, तसे नसते. त्यातल्या पहिल्या पन्नास टर्न आणि शेवटच्या पन्नास टर्न हे जवळजवळ दोन वेगळे खेळ असतात, आणि रिव्ह्यू बहुतेक वेळा पहिल्याचाच लिहिला जातो. त्यातून चांगल्या गेमवर अन्याय होतो आणि दिखाऊ गेमचे फावते. परीक्षकांची नियत खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांची तपासायची पद्धत या खेळांना पुरत नाही, अशी आमची तक्रार आहे.

साधा वेळेचा हिशेब मांडू. ‘सिव्हिलायझेशन ६’ (२०१६) स्टँडर्ड स्पीडवर ५०० टर्नचा आहे. जाणत्या खेळाडूचा निकाल त्याआधीच लागतो. डाव ३०० टर्न चालला असे धरा. सुरुवातीला हातात एक शहर आणि एक-दोन युनिटे (पटावर हलवायच्या तुकड्या), त्यामुळे टर्न अर्ध्या मिनिटात उरकते. दीडशेव्या टर्नच्या पुढे आठ-दहा शहरे, वीसेक युनिटे, व्यापारी मार्ग, धर्म, शेजाऱ्यांशी बोलणी हे सगळे सांभाळायचे, तर एकेका टर्नला तीन-चार मिनिटे जातात. सरासरी दोन मिनिटे धरली तरी ६०० मिनिटे, म्हणजे दहा तास झाले. तेही एकाच डावाचे: एक संस्कृती, एक नकाशा, एक डिफिकल्टी. रिव्ह्यू लिहिणाऱ्याला गेम रिलीजच्या थोडे दिवस आधी हाती पडतो, एम्बार्गो (त्याआधी रिव्ह्यू छापण्याची मनाई) उठेल त्या दिवशी लेख तयार हवा असतो, आणि पुढचा गेम रांगेत असतोच. मग दोन-तीन डाव मांडायचे, प्रत्येक ऐंशी-शंभर टर्नपर्यंत न्यायचा आणि लिहायला बसायचे, असे होते.

पण त्या शंभर टर्नमध्ये कुठला गेम गोड लागत नाही? नकाशा काळोखात असतो, प्रत्येक पावलाला नवे काही दिसते, दर सात-आठ टर्नला नवे तंत्रज्ञान हाती येते. खरी कसोटी त्यानंतर लागते. १८०व्या टर्नला आपण जिंकणार हे स्वच्छ दिसत असते आणि तरीही पुढच्या शंभर टर्न ‘एंड टर्न’चे (टर्न संपवण्याचे) बटण दाबत बसावे लागते, हा या प्रकारातल्या कितीतरी गेमचा सगळ्यात मोठा दोष आहे. रिव्ह्यूत त्याचा उल्लेख सापडणे कठीण, कारण लिहिणारा तिथवर पोचलेलाच नसतो. ग्राहकालाही ते आधी कळायची सोय नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे परत मागायचे तर खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचे दोन तास, एवढीच मुदत असते. दोन तासांत, नियम शिकत शिकत, तो जेमतेम साठ-सत्तर टर्न खेळणार. म्हणून परीक्षकावरचा भरवसा इथे इतर गेमपेक्षा जास्त मोलाचा ठरतो.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. ‘इनटू द ब्रीच’ (२०१८) या गेमचे मूल्यमापन परीक्षकांनी अगदी नेमके केले होते. आठ बाय आठ घरांचा पट, साधारण पाच टर्नची लढाई, शत्रू पुढे काय करणार हे आधीच पटावर दाखवलेले, नशिबाचा भाग नावापुरता. अख्खी मोहीम काही तासांत संपते. परीक्षकाला ती पाच-सहा वेळा खेळता आली, हरता आली, पुन्हा मांडता आली, आणि म्हणून लिहिलेलेही खरे उतरले. म्हणजे माणसे तीच. जो गेम त्यांच्या वेळेत मावतो त्याला न्याय मिळतो, जो मावत नाही त्याला मिळत नाही.

सगळ्यात मोठी गफलत होते ती एआयच्या, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या प्रतिस्पर्ध्याच्या, बाबतीत. ‘सिव्हिलायझेशन ४’ (२००५) मध्ये एका घरात कितीही युनिटे ठेवता येत. एआयला अक्कल कमी असली तरी वीस युनिटांचा ढीग घेऊन तो सरळ अंगावर येई आणि ते खरोखर धोक्याचे असे. ‘सिव्हिलायझेशन ५’ (२०१०) मध्ये चौकोनांऐवजी षटकोन आले आणि एका घरात एकच लढाऊ युनिट हा नियम आला. कागदावर नियम सुंदर आहे. आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. डोंगराआडचे शहर, समोर दोन षटकोनांची वाट. हल्ला करणाऱ्याने तलवारवाले पुढे काढायचे, कॅटापल्ट त्यांच्या मागे आणायचे, आणि कॅटापल्टला मारा करण्याआधी मांडणी करावी लागते म्हणून त्यासाठी एक मूव्ह राखून ठेवायचा. माणूस हे दोन डावांत शिकतो. एआय मात्र कॅटापल्टच पुढे आणायचा. शहराचा एक मारा, आतल्या तिरंदाजाचा एक बाण, आणि तो कॅटापल्ट एकही गोळा न टाकता संपायचा. मागे दुसरा उभाच. चार बचावाची युनिटे दहा-बारांची फौज अडवून धरत. पुढे मुख्य डिझायनर जॉन शेफर यांनीही हा नियम एआयला जड गेल्याचे मान्य केले. पण रिलीजच्या वेळचे बहुतेक रिव्ह्यू नव्या लढाईचे कौतुक करून मोकळे झाले आणि रिव्ह्यूंच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरची सरासरी नव्वदीवर गेली. शत्रू ती लढाई लढू शकतो का, हे थोड्यांनीच तपासले. आधीच्या भागात असलेले धर्म आणि हेरगिरी यात नव्हतेच. ते २०१२च्या ‘गॉड्स अँड किंग्ज’ या एक्स्पान्शनमध्ये (नंतर आलेल्या पुरवणी भागात) आले आणि २०१३च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’नंतर गेम खरा भरीव झाला. तोवर २०१०चे आकडे दगडावर कोरल्यासारखे जागच्या जागी होते.

इथेच डिफिकल्टीचा घोळ येतो. ‘वरच्या लेव्हलवर एआय फार हुशार होतो’ हे वाक्य रिव्ह्यूंमध्ये सर्रास दिसते. सिव्हिलायझेशन ६ मध्ये आठ लेव्हल आहेत. ‘प्रिन्स’वर कुणालाच सवलत नाही. ‘डेइटी’वर एआयला सुरुवातीलाच तीन सेटलर (नवे शहर वसवणारी युनिटे) मिळतात, आपल्याला एक, शिवाय लढाईत त्याच्या प्रत्येक युनिटाला +४ ताकद. डोके मुख्यतः तेच राहते. बुद्धिबळात समोरच्याला दोन वजीर देऊन बसवले तर त्याला हरवणे अवघड जाईल, पण म्हणून तो चांगला खेळाडू ठरत नाही. तेव्हा एआयबद्दल मत द्यायचे असेल तर ते सवलत नसलेल्या लेव्हलवर तपासून द्यावे, आणि वरच्या लेव्हलबद्दल लिहिताना कोणत्या सवलती दिल्या आहेत ते सांगावे.

डिफिकल्टी किती फसवी असते याचे उदाहरण १९९४चे आहे. ‘एक्स-कॉम: यूएफओ डिफेन्स’च्या डॉस आवृत्तीत एक बग होता. ‘सुपरह्युमन’ ही सगळ्यात अवघड लेव्हल निवडा, गेम सेव्ह करून पुन्हा लोड करा, की लेव्हल गुपचूप ‘बिगिनर’वर यायची. स्क्रीनवर कुठेच काही दिसत नसे. लोक महिनोन् महिने सर्वांत सोपा गेम सर्वांत अवघड समजून खेळले आणि वर ‘गेम सोपा आहे’ अशी तक्रार करत राहिले. त्या तक्रारी ऐकून पुढचा भाग, ‘टेरर फ्रॉम द डीप’ (१९९५), मुद्दाम कठीण केला गेला. एका न तपासलेल्या आकड्याचे परिणाम पुढच्या गेमपर्यंत पोचतात ते असे.

आता नेम लागण्याची जी शक्यता स्क्रीनवर दिसते ती टक्केवारी. ‘८५ टक्के दाखवून नेम चुकतो, गेम लबाडी करतो’ हा आरोप ‘एक्सकॉम’च्या २०१२ आणि २०१६ या दोन्ही भागांवर झाला आणि काही परीक्षकांनीही तो तसाच उचलला. मोहिमेत ८५ टक्क्यांच्या २०० गोळ्या झाडल्या तर साधारण ३० चुकणारच. लागोपाठ दोन चुकण्याची शक्यता ०.१५ गुणिले ०.१५, म्हणजे २.२५ टक्के, दोनशे गोळ्यांत असे चार-पाच वेळा घडणे हा सरळ हिशेब आहे. उलट सोप्या लेव्हलवर हे गेम पडद्याआडून खेळाडूलाच मदत करतात, लागोपाठ नेम चुकले की पुढची शक्यता वाढवतात. ‘फायर एम्बलेम’ मालिकेतल्या २००२ नंतरच्या अनेक भागांत तर एकाऐवजी दोन यादृच्छिक आकडे काढून त्यांची सरासरी धरतात. त्यामुळे स्क्रीनवर ९० दिसते तेव्हा खरी शक्यता ९८.१ टक्के असते, ७५ दिसते तेव्हा ८७.७५, आणि २५ दिसते तेव्हा फक्त १२.७५. अशा गेमची सवय लागलेल्या माणसाला खरे ८५ टक्के खोटे वाटतात. परीक्षकाने हे समजून घेतले नाही तर प्रामाणिक गेम लबाड ठरतो.

तपासणी अवघड नाही, फक्त ठरवून करावी लागते. एआयसाठी: सीमेवरच्या एका शहरात एकच युनिट ठेवा, लष्करी शेजाऱ्याशी संबंध बिघडवा, सेव्ह करा आणि वीस टर्न नुसते पाहा. तो येतो का? तटबंदी फोडणारी युनिटे बरोबर आणतो का? जखमी युनिट मागे घेतो का? मग हेच समुद्रापलीकडच्या शहरावर करून पाहा. कितीतरी गेममध्ये एआयला समुद्रातून फौज उतरवणे जमतच नाही आणि बेटावर बसलेला खेळाडू डावभर निर्धास्त राहतो. नशिबासाठी: हल्ल्याच्या आधी सेव्ह करा, हल्ला करा, लोड करून तोच हल्ला पुन्हा करा. निकाल तोच आला तर गेमने आकडा आधीच ठरवून ठेवला आहे; मग आधी दुसरे युनिट हलवून पाहा, निकाल बदलतो का ते कळेल.

एंड टर्नचा वेळ तर घड्याळ लावून मोजण्याची गोष्ट आहे. ५०व्या, १५०व्या आणि २५०व्या टर्नला, सगळ्यात मोठ्या नकाशावर, बटण दाबल्यापासून ताबा परत मिळेपर्यंत किती सेकंद गेले ते लिहा. ‘टोटल वॉर: रोम २’ (२०१३) मध्ये शंभराहून अधिक गट एकामागून एक आपापली चाल करत, आणि रिलीजच्या वेळी खेळाडूला नुसते बसून राहावे लागे. पुढे पॅच (दुरुस्त्या) आले, वेळ कमी झाला. पहिल्या दिवशीच्या रिव्ह्यूत सेकंदांचा आकडा असता तर ‘जरा संथ वाटतो’ या वाक्यापेक्षा वाचकाला कितीतरी उपयोग झाला असता.

इंटरफेससाठी क्लिक मोजा. दहा शहरांची एक नेहमीची टर्न किती क्लिकमध्ये संपते? एखाद्या आकड्यावर माउस नेला की तो कशातून आला ते दिसते का? उत्पन्न +१४ दाखवले, पण त्यात इमारतींचे किती, व्यापाराचे किती, फौजेच्या खर्चाने किती गेले, हे कळत नसेल तर खेळाडू आंधळेपणाने निर्णय घेतो. ‘सिव्हिलायझेशन ७’च्या (२०२५) वेळी मात्र अनेक परीक्षकांनी इंटरफेसच्या उणिवा रिलीजच्या आधीच स्पष्ट लिहिल्या होत्या. त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

शेवटी ‘संथ’ आणि ‘जुनाट’ या दोन शब्दांबद्दल. टर्न-बेस्ड गेमला संथ म्हणणे म्हणजे कसोटी सामन्याला पाच दिवस लागतात म्हणून गुण कापणे. विचार करायला वेळ देणे हाच त्याचा गाभा आहे. वेगळा नियम दिसला की तो दोष ठरवण्याची घाईही तशीच. ‘ओल्ड वर्ल्ड’ या गेममध्ये प्रत्येक टर्नला ठरावीकच हुकूम मिळतात, एकच युनिट अनेकदा हलवा किंवा अनेक युनिटे एकेकदा. पहिल्या दोन तासांत हे हातपाय बांधल्यासारखे वाटते. डाव वाढला की मोठे साम्राज्य आणि थोडे हुकूम यांतली ओढाताण हाच खेळाचा जीव आहे हे उमगते. दोन तासांवर मत बनवले असते तर हा नियम वजाबाकीत गेला असता.

म्हणून आपल्या पुरवणीला आमची विनंती आहे. अशा प्रत्येक रिव्ह्यूखाली पाच ओळींची चौकट छापावी: गेमची आवृत्ती, किती तास, किती डाव सुरू केले आणि किती शेवटापर्यंत नेले, नकाशाचा आकार आणि डिफिकल्टी, २५०व्या टर्नला एंड टर्नचे सेकंद. डाव पूर्ण झाला नसेल तर तसे लिहावे, आणि त्या वेळी गुण देऊ नयेत. गुण महिन्याभराने दिले तरी चालतील. हे गेम लोक वर्षानुवर्षे खेळतात. मोठा पॅच किंवा एक्स्पान्शन आले की तीच चौकट नव्याने भरावी आणि जुनी तिच्या शेजारी ठेवावी.

आपले,
टर्न-बेस्ड गेम नियमित खेळणारे काही वाचक