नाव पाण्यात सोडल्यावर इंजिनाचे अलाइनमेंट न तपासल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : ओव्हरहॉलिंगनंतर इंजिन नावेत चुकीचे बसवल्याने झालेले नुकसान व दुरुस्तीची मागणी

महोदय,

मी चिकोडी तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावात राहतो. माझी लाकडी प्रवासी नाव आहे आणि तिच्यात आपल्या कंपनीचे डिझेल इंजिन गिअरबॉक्ससह बसवलेले आहे. उन्हाळ्यात पात्रातले पाणी उतरल्यावर नाव काठावर ओढून घेतली आणि इंजिन काढून आपल्या अधिकृत सेवा केंद्राला ओव्हरहॉलिंगसाठी दिले. इंजिनाच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. सेल्फ मारताच ते चालू होते, धूरही कमी झाला आहे. माझी तक्रार आहे ती इंजिन नावेत परत ज्या पद्धतीने बसवले त्याबद्दल : अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट एका सरळ रेषेत आहेत का, हे नाव पाण्यात सोडल्यावर तपासलेच नाही.

आपल्या माणसांनी चेन पुलीने इंजिन उतरवले, फाउंडेशनचे बोल्ट आवळले, इंजिनाला शाफ्टशी जोडणारे दोन चकत्यांचे कपलिंग जोडले आणि काम संपले म्हणून सांगितले. त्या वेळी नाव काठावर ओंडक्यांवर उभी होती. नाव पाण्यात सोडल्यावर एकदा येऊन कपलिंग तपासून जा, असे मी तिथेच म्हटले होते. "अलाइनमेंट झालंय, परत यायची गरज नाही," असे उत्तर मिळाले. जॉब कार्डवर अलाइनमेंटपुढे नुसती बरोबरची खूण आहे. एकही रीडिंग लिहिलेले नाही. बिलात मात्र त्याचे पैसे वेगळे लावले आहेत.

महोदय, काठावरचे अलाइनमेंट पक्के धरता येत नाही, हे आपल्या कंपनीला मी सांगायला नको. ओंडक्यांवर नावेचा भार ठरावीक जागीच येतो, त्यामुळे तळ थोडा वाकतो. पाण्यात तोच भार सगळीकडे पसरतो. त्यात लाकडी नाव उन्हात सुकते आणि पाण्यात गेल्यावर फुगते. म्हणून काठावर अंदाजाने लाइन धरायची, नाव पाण्यात सोडून एखादा दिवस स्थिर होऊ द्यायची, डिझेलची टाकी नेहमीइतकी भरायची आणि मग कपलिंग सोडून खरे माप घ्यायचे, अशी रीत आहे. आपल्या माणसांनी यातले निम्मेच काम केले.

नाव पाण्यात गेल्यापासून गिअर टाकला की फळ्यांपर्यंत हादरा बसतो. न्यूट्रलमध्ये इंजिन एकदम शांत असते, म्हणजे दोष इंजिनात नाही, लाइनमध्ये आहे. शाफ्ट नावेबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून, शाफ्ट फिरताना, मिनिटाला चार थेंब पडले तर ते बरोबरच, पण इथे धार लागते आणि नाव थांबवली तरी पाणी झिरपत राहते. कपलिंगचे बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतात, त्यातला एक तुटलाही. पंख्याजवळचे रबरी बेअरिंग एका बाजूने खाल्ले गेले आहे आणि गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून ऑइल येऊ लागले आहे.

माझे मेहुणे बेळगावच्या उद्यमबागेत टर्नर आहेत. ते फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन आले. नाव पाण्यातच ठेवून आम्ही कपलिंग सोडले, शाफ्टला खालून आधार दिला आणि दोन्ही तोंडे हलकेच एकमेकांना टेकवली. वरच्या बाजूला दोन थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पट्टीही शिरेना. खालच्या बाजूला चोवीस थाऊ आरामात गेले. डावी-उजवी बाजू जवळपास सारखी होती. कपलिंगचा व्यास चार इंच आहे. व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ हा सर्वमान्य हिशेब धरला तर चार थाऊपर्यंतचा फरक चालतो. मग शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा पट्टी घातली. फट शाफ्टबरोबर फिरली नाही, खालीच राहिली. याचा अर्थ शाफ्ट आणि त्यावरचे कपलिंग ठीक आहे, इंजिनच मागे खाली बसले आहे. गिअरबॉक्सखालचे दोन्ही रबर माऊंटिंग (ज्यावर इंजिनाचा भार टेकतो ते रबरी पाय) जुनेच परत घातलेले दिसले. ऑइल पिऊन ते इतके मऊ झाले आहेत की अंगठ्याने दबतात.

हे सगळे मी सेवा केंद्राला फोनवर सांगितले. तेव्हा दोन उत्तरे मिळाली. एक, फ्लेक्सिबल कपलिंग आहे, ते फरक सांभाळून घेते. दोन, ग्लँड दोरी (ग्लँडमध्ये शाफ्टभोवती भरायची दोरी) वाढवून नट आवळा. पहिले चूक आहे : ते कपलिंग हादरा थोडा कमी करते, वाकडी लाइन सरळ करत नाही. दुसरे तर धोक्याचे आहे. दोरी गच्च आवळली की ग्लँड तापतो, दोरी जळते आणि शाफ्टला चरे पडतात.

हा प्रश्न नुसत्या खर्चाचा नाही. पावसाळ्यात पाणी वाढले की आमच्याकडचे कल्लोळ-येडूरसारखे बंधारे बुडतात. ज्यांची मळीची जमीन पलीकडे आहे, ज्यांना दुधाच्या किटल्या आणि वैरण आणायची आहे, त्यांचा नावेवर भरवसा असतो. भर पात्रात कपलिंग सुटले तर शाफ्ट मागे सरकतो, पंख्याचा जोर जातो आणि नाव धारेच्या हवाली होते. नावेत बायका-पोरे असतात. म्हणून या स्थितीत मी एकही माणूस नावेत घेतलेला नाही आणि घेणारही नाही. कमाई बंद आहे.

तरी आपण शिकलेला फिटर पाठवून, नाव पाण्यात असतानाच अलाइनमेंट विनामूल्य करून द्यावे. मागचे माऊंटिंग, रबरी बेअरिंग, सील, ग्लँड दोरी आणि कपलिंगचे बोल्ट कंपनीच्या खर्चाने नवे घालावेत. कपलिंगच्या चारी बाजूंची रीडिंग, शाफ्ट फिरवून घेतलेल्या मापांसह, सहीनिशी लेखी द्यावीत. नवे रबर काही तास चालल्यावर दबते, म्हणून पन्नास तासांनंतर पुन्हा एकदा तपासणी व्हावी. बिलात लावलेले अलाइनमेंटचे पैसे परत मिळावेत.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम न झाल्यास मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. नाव मी स्वतः चालवतो आणि घर त्यावरच चालते. फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू विकत घेऊन स्वतः वापरणाराही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकच ठरतो.

तुटलेला बोल्ट आणि फिलर गेज लावून काढलेले फोटो जपून ठेवले आहेत. बिल आणि जॉब कार्डची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर मराठीत किंवा कन्नडमध्ये, पण लेखीच द्यावे. फिटर कधी येणार ते आदल्या दिवशी कळवल्यास नाव काठाला लावून तयार ठेवतो.

आपला,
एक ग्राहक
कृष्णाकाठ, ता. चिकोडी, जि. बेळगाव