दोन औषधांनंतरही फिट थांबत नसेल, तर...

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बार्शीत माझे मेडिकल आहे. फिटच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या रोज हातात येतात. एकीचा डोस वाढतो, मग दुसरी गोळी, मग तिसरी. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट थांबत नसेल, तर नुसती गोळी न बदलता कारण शोधायला हवे. हे मी वडिलांच्या आजारपणात शिकले.

वडील एसटीतून निवृत्त झालेले वाहक. अचानक तोंडाची उजवी बाजू ओढली जायची आणि उजवा हात आखडायचा. दोन-तीन सेकंदच, पण दिवसातून कित्येकदा. चहाचा कप हातातून निसटायचा. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला, म्हणून कुणी टेन्शनवर ढकलले. गोळ्या बदलत गेल्या, झटके तसेच. मग ते नातवाचे नाव विसरू लागले. रक्तातले सोडियम उतरले. कार्बामॅझेपिन या फिटच्या गोळीने ते उतरू शकते, त्यामुळे सगळ्यांनी दोष गोळीला दिला. गोळी बंद केली तरी सोडियम वर येईना!

पुण्यातल्या मेंदूतज्ज्ञांनी मोबाइलवर काढलेला झटक्याचा व्हिडिओ पाहिला आणि रक्त व पाठीतले पाणी तपासायला पाठवले. एलजीआय-१ अँटीबॉडी सापडल्या. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्याच एका प्रथिनावर उलटली होती. सलाइनमधून स्टिरॉइड सुरू झाले आणि काही दिवसांत झटके थांबले. पण आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस, जो पहिल्या एमआरआयमध्ये सुजलेला होता, तो नंतरच्या एमआरआयमध्ये आकसलेला दिसला. आज वडील जेवल्यावर पुन्हा ताट मागतात. उपचार लवकर झाले असते, तर कदाचित एवढे नुकसान झाले नसते.

प्रत्येक हट्टी फिटमागे हेच कारण नसते, आणि असले तरी स्टिरॉइडने सगळेच इतके सुधारत नाहीत. जीएडी या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी असलेल्यांना अनेकदा कमी गुण येतो. रासमुसेनच्या आजारात, जो प्रतिकारशक्तीशीच निगडित मानला जातो, मुलांच्या मेंदूची एक बाजू झिजत जाते आणि शेवटी बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणूनच निदान नेमके हवे. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रतिकारशक्तीतला बिघाड हे अपस्माराचे (फिटच्या आजाराचे) स्वतंत्र कारण मानले आहे.

१७ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय अपस्मार दिनी 'कांदा, चप्पल हुंगवू नका' हे आपण छापताच, ते छापायलाच हवे. सोबत हेही छापा: झटक्याचा व्हिडिओ काढा, स्मरणशक्ती किंवा स्वभाव बदलला तर डॉक्टरांना सांगा, आणि मनाने गोळ्या बंद करू नका. आरोग्य खात्याला विनंती की, अँटीबॉडीच्या तपासणीचे नमुने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात घेतले जावेत आणि गरिबांसाठी ती मोफत व्हावी.

– एक औषधविक्रेती, बार्शी