जेट स्कीची मुक्कामी सहल : इंजिन बंद करायची वेळ आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर धरणं भरलेली असतात. चार-सहा जणांनी जेट स्कीवरून बॅकवॉटरमध्ये आत शिरायचं, काठावर तंबू ठोकायचा, गळ टाकून रात्र काढायची, असे बेत हल्ली पुण्यात सर्रास ठरतात. बेतात वाईट काही नाही. नीट आखला तर यासारखी सहल नाही. पण या सहलींच्या जाहिरातींत ‘पहाटेच्या धुक्यातली राइड’ आणि ‘सनसेट राइड’ या दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत असतात, आणि नेमक्या त्याच दोन वेळा पाण्यावर जेट स्की नसावी असं आमचं स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात संध्याकाळी साडेचारला इंजिन बंद व्हावं आणि सकाळी आठच्या आत सुरू होऊ नये.

याचं मुख्य कारण जाळी. उजनी असो की मुळशी, मच्छीमार संध्याकाळी जाळी टाकतात आणि सकाळी उचलतात. जाळ्याची खूण म्हणजे थर्माकोलचा तुकडा किंवा पाण्याची रिकामी बाटली. उन्हातही ती पन्नास-साठ फुटांवर येईपर्यंत दिसत नाही, तिरप्या उजेडात तर नाहीच. भोई, कातकरी मंडळी फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी सोडतात. त्या ट्यूबला दिवा नसतो आणि बसलेला माणूस पाण्याच्या जेमतेम दोन फूट वर असतो. जेट स्कीलाही रात्री चालवण्यासाठीचे दिवे नसतात. शिवाय या वाहनाचा एक स्वभाव नवख्याला कोणी सांगत नाही. थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची कळ, सोडला की ते वळत नाही. मागून सुटणारा पाण्याचा झोतच त्याला वळवतो. घाबरून थ्रॉटल सोडून हँडल फिरवलं, तर स्की नाकासमोर सरळ जाते, ट्यूबवर किंवा जाळ्यावर.

जाळं पंपात, म्हणजे पाणी खेचून मागे झोत सोडणाऱ्या भागात, गेलं की आधी आवाज बदलतो. इंजिन चढतं, वेग मात्र वाढत नाही आणि सीटखाली थरथर सुरू होते. त्या क्षणी थांबा. मागे-पुढे करून ते निघेल या आशेने पुन्हा स्टार्ट मारला, तर नायलॉन शाफ्टभोवती (पंप फिरवणाऱ्या दांड्याभोवती) आवळला जातो, घर्षणाने वितळतो आणि शाफ्टच्या सीलला धक्का लावतो. तिथून पाणी आत झिरपू लागतं. म्हणून लॅनयार्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) काढून खिशात ठेवा, दुसऱ्या स्कीने काठाला ओढून घ्या. बाहेर लोंबणारं टोक धरून एका दिशेने सावकाश ओढा. नाही निघालं तर चौघांनी मिळून स्की काठावर सतरंजीवर आडवी करा. कोणत्या कुशीवर करायची, हे मागच्या बाजूच्या स्टिकरवर दाखवलेलं असतं. भलत्या कुशीवर केली की एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात उतरतं, आणि मग जाळ्यापेक्षा मोठा खर्च समोर येतो. दातेरी सुरीने तळाशी पाणी आत घेणाऱ्या तोंडाच्या (इनटेकच्या) गजांमधून जाळ्याचा एकेक वेढा कापा. इंपेलर, म्हणजे पंपातला पंखा, हाताने फिरवून पाहा. त्याची पाती आणि भोवतीची रिंग यांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच फट असते, तिथे घासल्याचा आवाज येता कामा नये. परत पाण्यात घातल्यावर पंधरा मिनिटांनी सीट उचलून तळाशी पाणी साचलंय का ते बघा.

कापलेलं जाळं कोणाचं तरी असतं. गावात विचारलं की मालक सापडतो. त्याचे पैसे तिथल्या तिथे द्यावेत आणि ही रक्कम सहलीच्या वर्गणीतच आधी धरावी. जाळ्याइतकाच त्रास जलपर्णीचा. तिचा पट्टा दिसला तर ‘वेगात काढू’ म्हणू नये, वळसा घालावा.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते रात्री, तंबूत गाढ झोप लागलेली असताना. स्की काठावर अर्धी ओढून ठेवली की लाटांनी तिचा तळ रात्रभर दगडांवर आपटतो. गुडघाभर पाण्यात ठेवली आणि सिंचनाचं आवर्तन सुरू असेल, तर सकाळी ती गाळात बसलेली सापडते. उजनीचा उतार इतका सपाट आहे की पातळी वीतभर उतरली तरी पाण्याची कड कित्येक फूट मागे जाते. म्हणून स्की कमरेएवढ्या पाण्यात उभी करावी. नाक वाऱ्याच्या दिशेला, नाकाला नांगर, आणि मागून एक सैल दोर काठावरच्या खुंटीला. नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सात पट हवा. तीन फुटांना पंधरा-वीस फूट. मागची बाजू लाटांकडे ठेवू नये, पाणी तिथूनच चढतं. इंजिन सुरू करतानाही तळाखाली किमान तीन फूट पाणी हवं, नाहीतर वाळू आणि खडे थेट पंपात जातात. आणि पाण्यात उतरवण्याआधी मागचे दोन्ही ड्रेन प्लग (साचलेलं पाणी काढायची बुचं) हाताने फिरवून पाहा. नुसत्या नजरेवर विसंबू नका.

तंबू पाण्याच्या कडेपासून उंचावर, पण गाळपेरीच्या शेतात नको. ओसाड दिसणाऱ्या त्या ओलसर जमिनीत कोणाचा तरी हरभरा पेरलेला असतो. शेगडी तंबूच्या आत पेटवू नये, थंडी कितीही असो. पिण्याचं पाणी माणशी पाच लिटर घरून न्यावं. मुळा-मुठेतून उजनीत काय वाहत जातं हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

पेट्रोलचा हिशेब तिसऱ्या हिश्शाचा: एक जायला, एक यायला, एक हात न लावता शिल्लक. तीन आसनी साध्या स्कीची टाकी साधारण साठ-सत्तर लिटरची. सावकाश धावताना तासाला पंधरा-वीस लिटर जातात, थ्रॉटल पूर्ण दाबला की दुपटीहून जास्त. सामान लादल्यावर एका बाजूला वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडे जाऊ नये. पेट्रोल भरल्यावर सीट उघडून पाच मिनिटं वाफ जाऊ द्यावी आणि मगच स्टार्टर दाबावा. सामान खाली आणि मध्यभागी ठेवावं. बर्फाची जड पेटी मागे बांधली की नाक उचलतं आणि स्की पाण्यावर डुचमळत जाते. चालवणारे आणि सामान यांचं एकूण वजन स्टिकरवरच्या आकड्याच्या आत हवं. मागे बसणाऱ्याने लाइफ जॅकेटबरोबर जाड निओप्रीनची पँट घालावीच. मागे पडलेल्या माणसाच्या शरीरात पंपाचा झोत शिरून आतड्याला गंभीर इजा झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणूनच उत्पादकही ती घालायला सांगतात.

गटाने जाताना एकामागून एक, पन्नास मीटर अंतर ठेवून. टक्कर बहुतेक वेळा आपसांतच होते: पुढचा थांबतो, मागचा त्याच्या लाटेवर उडी मारायला जातो. बंद पडलेली स्की ओढताना वेग ताशी आठ किलोमीटरच्या आत ठेवावा. जोरात ओढली तर बऱ्याच मॉडेलमध्ये पाणी थंडाव्याच्या नळीतून एक्झॉस्टमार्गे इंजिनात शिरतं. फेब्रुवारीनंतर पाणी उतरू लागतं, तेव्हा खोडं आणि जुन्या गावांच्या भिंती पृष्ठभागाखाली हातभरावर येतात. उन्हाळ्यात उघडं पडणारं पळसदेवचं मंदिर सर्वांना माहीत आहे, पण त्याच्या आसपासचे दगड आधी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत तर हा बेत करूच नये. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. वळवाचा वारा उजनीच्या रुंद पात्रावर किती झपाट्याने उठतो, ते त्या दिवशी सर्वांनी पाहिलं.

आता मासेमारी. इंजिन बंद ठेवल्याने गळवाल्यांचं काही बिघडत नाही, उलट फायदाच आहे. मासा काठाजवळ चरायला येतो तो तिन्हीसांजेला आणि उजाडताना, आणि इंजिनाच्या धडधडीने तोच उथळ पाण्यातून पळतो. चिलापीला बारीक गळ आणि गांडूळ. कटला-रोहूला शेंगदाण्याची पेंड आणि कणकेचा गोळा, तळाला टाकून, ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या तंगुसावर (गळाच्या नायलॉन दोऱ्यावर). मरळ पावसाळ्यात पिलं राखत असते, तेव्हा ती धरू नये. महसीर लागला तर पाण्यातच गळ सोडवून जाऊ द्यावा. दख्खनी महसीराचं शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक साइक्स यांनी केलं ते आपल्या पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. हा मासा निदान पुणेकरांनी तरी जपावा. स्कीवरून जाताना रॉड सुटे करून नळीत आणि गळ डबीत ठेवावेत.

जलाशयात कुठेही उतरता येतं हा गैरसमज आहे. यांत्रिक वाहनासाठी जलसंपदा विभागाची लेखी परवानगी लागते. मुळशीचं धरण टाटांचं, तिथे त्यांची. मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून गळासाठी त्यांना विचारावं लागतं. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे वाहनाची नोंदणी आणि विमाही हवा. संस्थेच्या माणसाला आदल्या दिवशी भेटलं तर परवानगीबरोबरच त्या रात्री जाळी कुठल्या बाजूला पडणार हेही कळतं, आणि तंबूची जागा त्यावरून ठरवता येते.

आपल्या पुरवणीत वीकेंडच्या सहलींची माहिती येते. जेट स्कीच्या मुक्कामी सहलीबद्दल छापताना आयोजकाकडे परवानगीचं पत्र आहे का आणि इंजिन किती वाजता बंद होणार, या दोन गोष्टी विचारून त्या मजकुरातच द्याव्यात, ही विनंती.

आपले,
पाण्यावरच्या वाहनांची देखभाल करणारे काही वाचक,
हडपसर, पुणे