नाना पेठेतल्या काकू, तुमच्या मोरीच्या कडीसाठी थँक्यू

काकू, रामकृष्ण हरी.

ओळखलंत का माहीत नाही. माउलींची पालखी पुण्यात मुक्कामाला होती तेव्हा सकाळी साडेपाचला तुमच्या दारात एक परभणीची मुलगी उभी होती, हातात पिशवी आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता, ती मी. तुमचा नंबर घ्यायचा राहिला, नाव पण विचारलं नाही, गल्लीत सगळे काकू म्हणत होते म्हणून मी पण काकूच म्हणत राहिले. म्हणून हे असं उघड्यावर लिहितेय, पेठेतल्या कुणी वाचलं तर तुम्हाला नक्की दाखवेल.

वारीला मी पहिल्यांदाच आले होते. आई अकरा वर्षं चालली, मग तिचे गुडघे गेले आणि ती म्हणाली आता तू जा, दिंडीतल्या बायका सांभाळतील. आळंदीहून पुण्यापर्यंतचा टप्पाच तीसेक किलोमीटरचा, सवय नसलेल्या पायांना तेवढ्यातच फोड आले आणि लक्ष्मी रोडला लागलो तेव्हा चालत नव्हतेच मी, गर्दीच पुढे नेत होती. तुकोबांची पालखी पण त्याच दिवशी येते, ती निवडुंग्या विठोबाच्या देवळात आणि आपले माउली पालखी विठोबाच्या देवळात, म्हणजे दोन्हीकडचे वारकरी नाना पेठ भवानी पेठेत, शाळा, कार्यालयं, वाड्यांच्या ओसऱ्या सगळं फुल्ल. आमची दिंडी महापालिकेच्या एका शाळेत उतरली.

पुणं वारकऱ्याला काय काय देतं हे मी डोळ्यांनी पाहिलं, केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा, रेनकोट, कुणी पाय चेपून देतंय, कुणी चपला फुकट शिवून देतंय, कुणी दाढी करून देतंय. त्या सगळ्यांचे पण मनापासून आभार. पण त्या रात्री मला पाळी आली, चार दिवस आधीच, आणि तेव्हा कळलं की मला पाहिजे ते कुणाच्याच टेबलावर नाही. शाळेचा नळ उघड्या अंगणात, बाहेर संडासाच्या डब्यांपुढे लांबच लांब रांग, आतमध्ये कपडे ठेवायला खुंटीसुद्धा नाही. आणि मनात भीती, कुणी म्हणेल आता टाळ धरू नको, पालखीपासून लांब रहा. कुणी काही बोललं नव्हतं हो, मीच घाबरले होते. रात्रभर तशीच बसून राहिले.

सकाळी तुम्ही दारात सडा घालत होतात. मी नुसतं "माउली" म्हटलं आणि पुढे काही बोलताच येईना. तुम्हाला वाटलं चहा पाहिजे. मग तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत, तांब्या खाली ठेवलात, हाताला धरून आत नेलंत. पॅड दिलं, धुतलेला टॉवेल दिला, बंबातलं कढत पाणी बादलीत काढून दिलंत आणि म्हणालात, "कडी लाव, घाई करू नको, मी बाहेर बसलेय."

काकू, मी कडी लावली आणि रडले. तीन दिवसांत पहिल्यांदा एका बंद दाराच्या आत एकटी होते. तुम्ही खरंच बाहेर पाट टाकून बसला होतात, मी तासभर लावला तरी एकदा पण दार वाजवलं नाहीत.

बाहेर आल्यावर तुमचा पहिला प्रश्न, तिकडे अजून किती जणी आहेत गं. आणि मग दिवसभर काय चाललं होतं ते आठवलं की अजून भरून येतं, आमच्या दिंडीतल्या तेवीस बायका एकामागून एक, शेजारच्या वहिनींनी त्यांच्या टाकीचं पाणी दिलं आणि तुम्ही दारातच पाटावर. प्रत्येकीला आधी तांब्याभर पाणी प्यायला लावत होतात. जन्मभर नर्सची नोकरी केलेली, तुम्हाला बरोबर कळलं की या बायका पाणीच पीत नाहीत, जायला जागा नाही म्हणून. आमच्या सत्तरीच्या आजींना तुम्ही लघवीची जळजळ होते का असं सरळ विचारलंत, त्या आधी लाजल्या, मग हो म्हणाल्या, आणि तुम्ही त्यांना स्वतः दवाखान्याच्या तंबूत घेऊन गेलात.

त्या रात्री मी आईला फोन करून विचारलं, तू काय करायचीस गं. ती म्हणाली, पुण्यात पाणी कमी प्यायचं. अकरा वर्षं, आणि घरी कधी एका शब्दाने बोलली नाही.

पुणं बघायला मिळणार म्हणून मी खूश होते, शनिवारवाडा बघायचा होता, तो राहिला. पण संध्याकाळी फोडांना पट्ट्या बांधून तुम्ही मला हळूहळू गंज पेठेत फुले वाड्यात नेलंत. १८६८ साली जोतीरावांनी अस्पृश्यांना पाण्यासाठी मोकळी केली ती विहीर दाखवलीत. तिथेच मी तुम्हाला माझी टाळाची भीती सांगितली. तुम्ही म्हणालात, चोखोबांच्या सोयराबाईंनी सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच विचारून ठेवलंय की विटाळ जर देहातच जन्माला येतो तर सोवळा कोण, तू काय घाबरतेस. येताना पालखी विठोबाच्या रांगेत तुम्ही माझ्याबरोबर उभ्या राहिलात. दर्शन झालं. ते दर्शन मी कधीच विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, हडपसर, मग दिवे घाट, एकादशीचा उपवास, तुम्ही दिलेले शेंगदाण्याचे लाडू घाटाच्या पायथ्याशीच वाटून संपले. टाळ पण हातात होता माझ्या. आणि पाणी पीत होते, सगळ्या जणी पीत होतो, एकमेकींना आठवण करून देत. पंढरपुरात कळसाला हात जोडले तेव्हा आईच्या नावाआधी तुमचा चेहरा आला डोळ्यांपुढे.

यंदा परत येतेय. आईने तुमच्यासाठी कुरडया करून ठेवल्यात, आणि गडबडीत तुमचा निळा टॉवेल माझ्या पिशवीतच आला होता, तो धुऊन घडी करून कपाटात ठेवलाय. गल्ली आठवते मला, कोपऱ्यावर चक्की आहे. माउली पुण्यात आले की सकाळी साडेपाचला दारात येते.

तुमची,
परभणीची पोरगी