कॅटलियाची कुंडी बदलून देणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

आपल्या दोन घरांमध्ये जेमतेम एका जिन्याचे अंतर आहे, त्यामुळे हे पत्र तुमच्या हातात आणून देता आले असते. तरीही ते उघड लिहीत आहे, कारण अवाढव्य वाढलेले ऑर्किड समोर ठेवून सुरी कुठे लावावी या विचाराने अडलेल्या आणखी कोणाला तरी तुम्ही दिलेली शिकवण उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते.

2015 च्या जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस बागेच्या पुष्पप्रदर्शनातून मी तीन बल्बांचे, म्हणजे पाणी साठवणाऱ्या तीन फुगीर खोडांचे, कॅटलिया जातीचे ऑर्किड आणले होते. गेल्या वर्षीपर्यंत त्याचे बारा बल्ब झाले, दहा इंची कुंडीच्या काठावरून मुळ्या बाहेर लोंबू लागल्या आणि सलग दोन वर्षे त्याला एकही फूल आले नाही. एका रोपवाटिकेत विचारले, तर लाल माती आणि शेणखत घालून मोठ्या कुंडीत लावा, असे सांगण्यात आले. डिसेंबरातल्या एका रविवारी मी तसे करायला बसणार, तेवढ्यात जिन्यावरून जाताना तुम्ही मातीची पिशवी पाहिलीत आणि चप्पल न काढताच दारातून म्हणालात, "माती नको, आणि आज तर मुळीच नको."

माती का नको, हे तुम्ही बसून समजावलेत. कॅटलिया मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांतले, झाडांच्या फांद्यांवर वाढणारे. आपल्या सह्याद्रीत जांभळाच्या किंवा आंब्याच्या फांदीवर सीतेची वेणी हे ऑर्किड लोंबते ना, तसे. आमच्या गावाकडे अशा साऱ्याच झाडांना सरसकट बांडगूळ म्हणत. बांडगूळ यजमान झाडाच्या आत शिरून त्याचा रस घेते, ऑर्किड मात्र फांदीला नुसते धरून राहते आणि पाऊस, दव व सालीच्या खाचांत साचलेला पालापाचोळा यांवर जगते, हा फरक मला तुमच्याकडून कळला. त्याच्या मुळीवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. ते क्षणात पाणी शोषते, पण नंतर त्याला वारा मिळून कोरडे व्हावे लागते. ओल्या मातीत ते आवरण गुदमरते आणि मूळ सडते.

"आज का नको" याचे उत्तर कळायला मला तीन महिने लागले. झाड तेव्हा स्वस्थ बसले होते. त्या अवस्थेत मुळ्या तुटल्या असत्या, तर नव्या मुळ्या येईपर्यंत ते तहानलेलेच राहिले असते. नव्या फुटव्याच्या तळाशी मुळ्यांची टोके दिसू लागतील तेव्हाच कुंडी बदलायची, असे सांगून तुम्ही गेलात आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी येऊन फुटवा पाहून जात राहिलात. माझी घाई तुम्ही दोनदा परतवलीत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फुटव्याच्या बुडाशी मुगाच्या दाण्याएवढी, ओलसर हिरवी तीन टोके दिसली, तेव्हा मी धावत वर आले होते.

त्या दिवशीचे चार तास मी विसरणार नाही. कुंडी अर्धा तास बादलीत बुडवून ठेवल्याने आतल्या बाजूला चिकटलेल्या मुळ्या नरम झाल्या, तरी दोन ठिकाणी सुरी कडेने फिरवावीच लागली. आतून निघालेली नारळाची सोडणे कुजून काळी पडली होती आणि त्यांना तळ्यातल्या गाळाचा वास येत होता. तुम्ही माझा हात धरून एकेक मुळी चिमटीत दाबायला लावलीत. जी घट्ट लागली ती ठेवली. जिचे आवरण मोज्यासारखे निसटून हातात आले आणि मागे नुसता दोरा उरला, ती कापली. प्रत्येक कापानंतर पाते गॅसच्या ज्योतीवर धरायचे, कारण ऑर्किडचे विषाणू रसातून एका झाडाचे दुसऱ्याला लागतात. आणि कापलेल्या जागी हळद चेपायची.

बल्बांना जोडणाऱ्या आडव्या खोडाला छेद देऊन आपण पाच आणि चार बल्बांचे दोन भाग केले. त्यापेक्षा लहान तुकडे केले तर झाड फुलायला वर्षे घालवते, हा तुमचा अनुभव. नारळाच्या सोडणांचे तुकडे तुम्ही तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवून आणले होते, त्यांतला क्षार निघून जावा म्हणून. त्यात लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे मिसळले. जुना बल्ब कुंडीच्या काठाला टेकवला, पुढे दोन वर्षांच्या वाढीला पुरेल एवढी जागा सोडली, आडवे खोड गाडले नाही आणि बांबूच्या काडीला सगळे सुती दोऱ्याने बांधले. शेवटी तुम्ही झाड धरून कुंडी अलगद उचलून पाहिलीत. झाड हलले, तर नव्या मुळ्यांची टोके घासून मरतात, म्हणून ही परीक्षा.

पुढचे आठ दिवस फक्त सकाळी पानांवर बारीक फवारा, मग सोडणे सुकल्यावरच पाणी. मुळ्या बोटभर झाल्यावर पंधरवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम 19-19-19 खत (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले). पान गडद हिरवे असेल तर उजेड कमी पडतो आहे, पोपटी असेल तर ठीक, हेही तुमचेच. त्यावरून मी कुंड्या पूर्वेच्या गॅलरीत आणल्या. जुलैच्या झडीत त्या छपराखाली घेतल्या आणि फुटव्याच्या पेचात पाणी साचू दिले नाही.

दोन्ही भागांना नवे बल्ब आले आहेत आणि मोठ्या भागाच्या नव्या पानाच्या बगलेत कळीचा कोष दिसतो आहे. तो उलगडायच्या आतच हे पत्र लिहिते आहे, कारण माझे आभार फुलासाठी नाहीत. डिसेंबरात तुम्ही मला थांबवलेत आणि मार्चपर्यंत माझ्याबरोबर थांबलात, त्यासाठी आहेत.

निघताना तुम्ही काहीही घ्यायला नकार दिला होतात. मागचे पाने नसलेले तीन बल्ब, जे मी टाकून देणार होते, ते तुम्ही मातीच्या लहान कुंडीत ठेवायला लावलेत. त्यांतल्या एकाचा डोळा गेल्या आठवड्यात फुगून फुटला आहे. ती कुंडी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. मुळ्या धरल्या की वर आणून देईन.

आपली कृतज्ञ,
खालच्या मजल्यावरची शेजारीण