कागद अडवणाऱ्यांना कोर्टच लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटबॉल आणि न्यायालये यांवरचे आपले कालचे स्फुट वाचले. ‘खेळाचे निर्णय खेळाच्या लोकांनीच घ्यावेत’ असे त्यात म्हटले आहे. हे लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर नेमके कोणते ‘खेळाचे लोक’ होते, ते सांगितले असते तर बरे झाले असते. खेळणारे नक्कीच नव्हते.

करार संपलेल्या खेळाडूला विनामोबदला दुसऱ्या क्लबात जाण्याची मोकळीक देणाऱ्या, बॉसमन या खेळाडूच्या खटल्यातल्या निकालाने फुटबॉलचा बाजार झाला, असेही आपण लिहिता. बाजार आधीही होताच की. विकला जाणारा सोडून बाकी सगळ्यांना त्यात पैसे मिळत होते, इतकेच. १९९० मध्ये लिएज क्लबशी त्याचा करार संपला. नव्या करारात क्लबने पगार थेट पाव केला. त्याने फ्रान्समधल्या डंकर्कशी बोलणी केली, तर डंकर्कची ऐपत आहे की नाही अशी शंका काढून लिएजने त्याचे बदलीचे प्रमाणपत्र पुढे जाऊच दिले नाही, वर त्यालाच निलंबित केले. तेव्हा तो पंचविशीत होता. लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाचा निकाल लागला १५ डिसेंबर १९९५ ला, तोवर तिशी उलटून गेली होती. त्या निकालावर पुढे इतरांनी कोट्यवधी कमावले. त्याच्या वाट्याला काय आले, तेही छापायचे होते.

हे प्रकरण मला पाठ आहे, कारण त्याची छोटी आवृत्ती आमच्या घरात घडली. माझा पुतण्या लेफ्ट बॅक. डावा पाय असा की तालमीतली जुनी माणसेसुद्धा मॅच असली की दुकानाचे शटर अर्धे ओढून यायची. त्याला पुण्याच्या एका क्लबने बोलावले. पगार फार नव्हता, पण राहण्या-जेवण्याची सोय होती आणि वरच्या स्पर्धेत खेळायला मिळणार होते. फक्त जुन्या क्लबची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, हवी होती. क्लबचे नाव लिहीत नाही, त्यांची पोरे अजून खेळताहेत.

अर्ज घेऊन मी स्वतः त्याच्याबरोबर गेलो होतो. सेक्रेटरींनी तो वाचला, ‘बघू की’ म्हणाले आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवला. काचेखाली आधीच आणखी दोन पोरांचे अर्ज होते, एकाची शाई उन्हाने पिवळी पडली होती. पुढच्या खेपेला ‘अध्यक्षांची सही व्हायची आहे’. त्याच्या पुढच्या खेपेला खर्चाचा हिशेब हातात ठेवला : बूट, जर्सी, गाडीभाडे, आणि खोटे वाटेल, पण मॅचच्या दिवशी दिलेली मिसळसुद्धा! पोराने क्लबसाठी मारलेले गोल जमेच्या बाजूला कुठे दिसेनात. मी जरा आवाज चढवला तर साहेब हसून म्हणाले, ‘‘कोर्टात जावा की. पर मग कुठला क्लब घेतोय त्याला, तेबी बघू.’’ तिकडे पुण्यातली नोंदणीची मुदत संपली. पुतण्या आता एमआयडीसीत शिफ्टला जातो आणि रविवारी तासावर भाड्याने घेतलेल्या टर्फवर खेळतो.

सेक्रेटरींनी बिचाऱ्यांनी फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेची, घटना वाचली नसणार, पण बोलले ते अगदी तिच्याप्रमाणे. फिफाच्या नियमांत तरतूद असेल तेवढी प्रकरणे सोडली, तर सामान्य न्यायालयात जायला तिथेही मनाईच आहे. नियम करणारे तेच, दंड ठोकणारे तेच. गावात पाटीलही तेच, तलाठीही तेच आणि तक्रार घेऊन गेलात तर चावडीवर बसलेलेही तेच, असा कारभार.

फ्रान्सचा खेळाडू लासाना डायरा याच्या बाबतीत वेगळे काय झाले? लोकोमोटिव्ह मॉस्कोने २०१४ मध्ये करार मोडला आणि फिफाने त्याच्यावरच १ कोटी ५ लाख युरोची भरपाई बसवली. बेल्जियमचा शार्लरवा क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण ही भरपाई आपल्या गळ्यात येणार नाही याची लेखी हमी त्यांनी मागितली. ती मिळाली नाही आणि व्यवहार बारगळला. हे नियम युरोपच्या कायद्यात बसत नाहीत, हे त्याच युरोपीय न्यायालयाने सांगितले ४ ऑक्टोबर २०२४ ला. डायरा तोवर निवृत्तही झाला होता. न्यायालये फार उशीर करतात अशी टीका आपण केली असती तर मी हे पत्र लिहायलाच बसलो नसतो. ती टीका रास्त आहे. आपली तक्रार मात्र ही प्रकरणे न्यायालयात पोहोचलीच का, अशी आहे!

आता आपल्या देशाकडे. ‘न्यायालयाच्या हस्तक्षेपामुळे भारतावर बंदीची नामुष्की आली’ हे वाक्य वाचून चहा थंड झाला. अहो, प्रफुल्ल पटेल यांची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदाची तिसरी मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली होती. निवडणूक झाली नाही. खुर्ची रिकामी झाली मे २०२२ मध्ये, तीही सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमली तेव्हा. मधल्या काळात फिफाला काही खटकले नाही. समिती येताच मात्र खटकले, आणि अमृतमहोत्सवी स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर भारत निलंबित! कारण काय, तर त्रयस्थांचा अवाजवी हस्तक्षेप. या देशाचे सर्वोच्च न्यायालय याच देशात त्रयस्थ.

भोगले कोणी? गोकुलम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. तिथे हॉटेलात बसून राहिल्या आणि न खेळता परत आल्या. न्यायालयाने समिती बरखास्त केल्यावर २६ ऑगस्टला बंदी उठली आणि मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचा अंतिम सामना ठरल्याप्रमाणे नवी मुंबईत झाला. म्हणजे कोण झुकले, हे आपणच ठरवा. दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाची निवडणूक रद्द केली २०१७ मध्ये, आणि नव्या घटनेवर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटली सप्टेंबर २०२५ मध्ये. या दिरंगाईवर लिहा ना एक स्फुट.

आणि घरच्या घरी न्याय कसा होतो तेही पाहिले आपण. २०२४-२५ च्या आय-लीग या देशातल्या क्लब स्पर्धेत महासंघाच्या अपील समितीने चर्चिल ब्रदर्सला विजेते ठरवले आणि चषक घाईघाईने गोव्यात देऊनही टाकला. जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाने विजेतेपद दिले इंटर काशीला. चषक एकीकडे, विजेतेपद दुसरीकडे. त्या लवादाचा शब्दही शेवटचा नाही, युरोपातल्या न्यायालयांना तो तपासता आला पाहिजे, असा त्या युरोपीय न्यायालयाचा निकाल बेल्जियमच्या सेरँग क्लबच्या प्रकरणात १ ऑगस्ट २०२५ ला आला. आपल्या स्फुटात त्याचा उल्लेखही नाही.

युरोपात सुपर लीग नावाची स्वतःची वेगळी स्पर्धा काढू पाहणाऱ्या बारा धनाढ्य क्लबांबद्दल मला काडीचे प्रेम नाही. पण युरोपीय न्यायालयाच्या डिसेंबर २०२३ च्या निकालाने ‘सुपर लीगला परवानगी दिली’ हे साफ चूक. परवानगी देण्या-न देण्याचे निकष पारदर्शक हवेत, मनमानी चालणार नाही, एवढेच न्यायालय म्हणाले. हेच आम्ही त्या काचेच्या टेबलापुढे उभे राहून म्हणत होतो.

जाता जाता, सोमवारच्या अंकातून स्थानिक सामन्यांचे निकाल कुठे गेले? शाहू स्टेडियमवर हजारोंनी माणसे बसतात आणि आपल्या पानावर इंग्लंडच्या प्रशिक्षकाची पत्रकार परिषद तीन कॉलम! गेल्या वेळी याच विषयावर पत्र पाठवले होते. ते छापलेत, पण नेमका हा परिच्छेद कापून. यंदा कापायचे असेल तर वरचा चहाचा उल्लेख कापा.

आणि बॉसमनला आपण हॉलंडचा खेळाडू म्हटले आहे. तो बेल्जियमचा. उद्याच्या अंकात दुरुस्ती यावी.

आपला,
एक जुना वर्गणीदार
मंगळवार पेठ, कोल्हापूर