तुझ्या वहीतल्या रिकाम्या ओळी

माशेल, गोवा

चि. मुग्धास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठविलेली विमानप्रवासांची यादी मिळाली. फोनवर वाचताना डोळे दुखतात म्हणून बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून अकरा पाने छापून आणली, आणि गेले चार दिवस दुपारचे जेवण झाले की लाल पेन घेऊन त्यांच्यासमोर बसतो आहे. तीनशे बारा ओळी! माझे उभ्या आयुष्यातले विमानप्रवास मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरतात. झेरॉक्सवाल्याने काही विचारले नव्हते, तरी 'हे सगळे आमच्या मुलीचे' असे मी त्याला सांगून टाकले.

तू दोन ओळींपुढे प्रश्नचिन्हे घातली आहेस. त्या दोहोंविषयी मला जे सापडले ते लिहितो. आणखी एका ओळीविषयी काही लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे.

दाबोळी ते मुंबई हा तुझा पहिला एकटीचा प्रवास तू 2004 मध्ये घातला आहेस, ते चूक आहे. तुझ्याजवळच्या बोर्डिंग पासाच्या तुकड्यावर 12 जून एवढेच आहे, वर्ष नाही, म्हणून तुझा घोटाळा झाला. तुझ्या आईच्या हिशेबाच्या वह्या माळ्यावरून काढल्या. 2005 च्या वहीत त्या तारखेला 'दाबोळी टॅक्सी 450, मुग्धाचे बूट 299, माईला काजू' अशी नोंद आहे. विमान जेट एअरवेजचे होते, हे मला पक्के आठवते. ती कंपनी एप्रिल 2019 मध्ये बंद पडली, त्यामुळे आता तिच्याकडे विचारपूस करण्याची सोय उरली नाही. उड्डाणाचा क्रमांक हवा असेल तर त्या वर्षीचे छापील वेळापत्रक शोध, आणि ते उन्हाळी वेळापत्रक आहे ना हे आधी पाहा, कारण मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विमानांची वेळापत्रके बदलतात आणि त्याबरोबर कित्येकदा क्रमांकही बदलतात. विमानाच्या अंगावरचा व्हीटी-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक मात्र मिळायचा नाही. एकाच क्रमांकाच्या उड्डाणाला आज एक विमान असते, उद्या दुसरे. त्या दिवशी तू शिडीपाशी थांबून कॅमेरा काढलास आणि शिपायाने तुला हटकले, हे तूच आल्यावर सांगितले होतेस. दाबोळी नौदलाचा तळ, तिथे फोटो कुठला काढू देणार? तो रकाना कोराच ठेव. अंदाजाने भरलेल्या रकान्यापेक्षा कोरा रकाना बरा.

एक सुचवतो. प्रत्येक ओळीपुढे ती माहिती कशावरून घेतली याचा एक रकाना वाढव. पारपत्रावरचा शिक्का, बोर्डिंग पास, तिकीट आणि नुसती आठवण यांचे वजन सारखे नसते. आरक्षणाचा ई-मेल तर सर्वांत कच्चा पुरावा, कारण आरक्षण केले म्हणजे माणूस गेलाच असे होत नाही. म्हणूनच 16 नोव्हेंबर 2024 ची बंगळूर ते मोपा, म्हणजे गोव्याचा नवा विमानतळ, ही ओळ पाहिली तेव्हा मला प्रथम वाटले, ही रद्द केलेल्या तिकिटाची ओळ चुकून राहिली असावी. पण तिच्यापुढे आसन 14 एफ आहे, विमानाचा नोंदणी क्रमांक आहे आणि चाके टेकल्याची वेळ रात्री 9:52 आहे. रद्द झालेल्या तिकिटाचे विमान सतरा मिनिटे उशिरा उतरत नाही.

लिहायचे नव्हते, तरी लिहिले गेले. मोपा जानेवारी 2023 मध्ये सुरू झाले, पण तुला न्यायला येणाऱ्या शाणूला दाबोळी सोयीचे म्हणून तू नेहमी तिथेच उतरतेस. त्यामुळे सगळ्या यादीत मोपा दोनदाच आले आहे, त्या शनिवारी उतरताना आणि रविवारी दुपारी परत जाताना. मोपाहून आपले घर तासाभराच्या वाटेवर आहे. तुला कामासाठी बोलावले असेल, हॉटेलात सोय केलेली असेल, हे मला कळते. पण माणसाने आजारपण किंवा पैशाची अडचण अशी गावाच्या वेशीपर्यंत येऊन परत नेऊ नये, घरच्यांना सांगावे, निदान बापाला सांगावे, कारण दुसऱ्याकडून कळले की... असो. क्षमा कर. तू माझ्याकडे तारखा मागितल्यास, उपदेश नव्हे. तुझ्या आईला ते पान मी दाखविलेले नाही.

आता तुझी पहिली ओळ. '1990, अम्मान–मुंबई' एवढेच तू लिहिले आहेस. 2 ऑगस्टला इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले तेव्हा तू दीड वर्षाची होतीस. आपण बसने बसरा, बगदाद करीत जॉर्डनच्या हद्दीवर पोचलो आणि तंबूत राहिलो, ते तू शंभरदा ऐकले आहेस. अम्मानहून एअर इंडियाने त्या दिवसांत चारशेहून अधिक फेऱ्या करून एक लाखाच्या वर माणसे आणली. त्यांतली आपली फेरी कोणती, हे कोणत्याही कागदावर नाही. बोर्डिंग पास मिळाल्याचे मला आठवत नाही. यादीत नाव पुकारले आणि आम्ही धावलो. मात्र घरी पोचलो तेव्हा म्हाळाचे दिवस होते. आजी दारात उभी राहिली, तुला उचलून घेतले आणि पहिले वाक्य बोलली ते, 'आज तुझ्या आजोबांचा म्हाळ, पान वाढलेलेच आहे.' पंचांग काढून पाहिले. तो पंधरवडा 5 सप्टेंबरनंतर सुरू झाला आणि 19 च्या सुमारास संपला. सहारला उतरल्यावर आपण दोन दिवस माईकडे होतो आणि मग कदंबच्या बसने आलो, कारण विमानाला पैसे नव्हते. तेवढे दिवस मागे मोज.

विमान कोणते, हेही थोडे सांगता येईल. आत दोन वाटा होत्या, पण खिडकीकडे दोनच आसने होती आणि मध्ये चार. जम्बोमध्ये खिडकीकडे तीन असतात. म्हणजे ते एअरबस असणार, ए 300 किंवा ए 310. खिडकीकडच्या आसनांविषयी मला खात्री आहे, कारण आत मी होतो, वाटेच्या बाजूला तुझी आई होती, आणि पलीकडच्या ओळीतली एक अनोळखी बाई वाकून तुझ्या पायांतले मोजे काढत होती. तंबूत पाय सुजले होते तुझे. मोजा निघेना तेव्हा तिने तो दातांनी फाडला. तू रडली नाहीस, आणि मला त्याचीच भीती वाटली होती. तू गप्प बसलीस की मला अजून तशीच भीती वाटते.

आसनाच्या रकान्यात क्रमांक घालू नकोस. 'आईच्या मांडीवर' असे लिही.

तब्येतीची काळजी घे.

तुझा,
बाबा

ता. क. 17 नोव्हेंबर 2024 च्या परतीच्या ओळीत आसन क्रमांक भरायचा राहिला आहे. बोर्डिंग पास असेल तर पाहून कळव, म्हणजे मी इथल्या प्रतीतही भरतो.